वर्तुळावरची हजेरी

३ मार्च १९९७
आलो एकदाचे! ऑस्ट्रेलियातल्या नलारबोरच्या ओसाड माळावर एक घर, एक यंत्रखोली, पाण्याची टाकी आणि माशा. क्लाइव्ह म्हणतो, इथे भांडलीस तर रुसून जायलाही जागा नाही. नवरा-बायको दोघंही तंत्रज्ञ, म्हणून तर ही नोकरी मिळाली. मी खूश आहे.

५ मार्च
आमच्या टेलिफोन ठाण्यांचं काचेच्या तंतूंनी जोडलेलं वर्तुळ आहे; सगळी यंत्रं एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालतात. एका बाजूला तंतू तुटला, तर पापणी लवायच्या आत बोलणं उलट्या बाजूने वळतं. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. क्लाइव्हला याचा कोण अभिमान!
रोज सकाळी पोर्ट ऑगस्टाच्या मुख्य ठाण्यातून मर्व्ह कामाच्या फोनवर सगळ्यांची एकदमच हजेरी घेतो; सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू येतं. दुसरा फोन नाहीच. जो उत्तर देणार नाही, त्याच्यासाठी शोधगाडी निघते.

९ मार्च
पश्चिमेला तंतू तुटला. क्लाइव्ह गाडी घेऊन गेला. सँडविच मीच बांधून दिले.

१० मार्च
रात्री आला नाही. जीव टांगणीला लागला होता. पण सकाळच्या हजेरीत पश्चिमेच्या, एरवी रिकाम्या असलेल्या ठाण्यावरून तो खोकून म्हणाला, "आहे." हुश्श!

१२ मार्च
अजून नाही. उन्हात चालत त्या ठाण्यावर गेले. गाडी उभी, दार उघडं, किल्ली नाही. सँडविच तसेच. ठाण्याला बाहेरून कुलूप, त्यावर धुळीचा थर.
मर्व्हला सांगितलं. तो हसला. "अगं लीथ, सकाळीच तर हजेरीला बोलला तो. नवऱ्याशिवाय करमत नाही होय?"
हजेरी लागली की शोधगाडी निघत नाही.

१३ मार्च
पुन्हा "आहे." आधी तोच खोकला. रोज तोच. मी हाका मारल्या, रडले. उत्तर नाही. मर्व्ह म्हणतो, तो कधी बोलका होता?

१४ मार्च
ठरलं. उद्या मी उत्तर देणार नाही. माझ्यासाठी तरी गाडी येईल, मग क्लाइव्हला शोधतील. त्याच्याकडे पाणी किती असेल—

१५ मार्च
मर्व्हने माझं नाव घेतलं. मी तोंडावर हात दाबून धरला.
फोनमधून माझ्याच आवाजात— "आहे."
मी ओरडले, मी नाही, ती मी नाही— मर्व्हला ऐकूच— तो म्हणाला, सगळे हजर.
ती अजून बोलतेय. तिने सांगितलं, क्लाइव्ह घरी आला, काळजी नको. मर्व्ह हसतोय.
मी ओरडतेय. घशातून आवाजच—