बारदानं झटकायचे दिवस

माय, मेहरूणच्या या घराचा जिना मी हल्ली दोन दमात चढते. मधे थांबले की निऱ्या नीट करायचं सोंग करते, म्हणजे कुणी विचारायला नको. शेवटी छातीचा फोटो काढला. कॅन्सर नाही, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं ते बरं केलं. फुप्फुसावरचं आवरण जाड झालंय, त्यावर चट्टे आहेत, आणि ते आता जायचे नाहीत. तपासत राहायचं, जमेल तेवढं चालायचं. मग त्यांनी विचारलं, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात कधी काम केलंत का? मला हसूच आलं. म्हटलं, मी जन्मभर शाळेत पोरांच्या मागे ओरडले, कारखान्यात माझे वडील होते, धुळ्याला. ते हसले नाहीत. वडिलांचे कपडे कोण धुवायचं, कारखान्यातून घरी काय काय यायचं, हे विचारत राहिले.

काय यायचं म्हणजे? बारदानं यायची! पत्र्यात घालायचा तो ॲस्बेस्टॉसचा पांढरा कापूस ज्या पोत्यांतून यायचा, ती रिकामी पोती नाना सायकलला बांधून आणायचे, आणि तू नवं लुगडं मिळाल्यासारखी हरखायचीस. मला अजून दिसतं. उन्हाळा आहे, ज्वारीचे बिबडे वाळत घालायचे दिवस. तू शिवण उसवतेस, दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. पाण्यात घालायच्या आधी कोरडं झटकून घ्यायचं, हा तुझा नियम. हातात जीव नाही का गं, म्हणून मला रागावतेस. भुरभुर उडते, तुझ्या भुवया पांढऱ्या होतात, मी तुला म्हातारी म्हणते आणि आपण दोघी तोंड उघडं टाकून हसत सुटतो. मग ती धुऊन, जोडून शिवायची, घराच्या धाब्यावर अंथरायची, वर तुझं जुनं लुगडं आणि त्यावर बिबडे. गल्लीत आपल्याइतकं स्वच्छ घर नव्हतं. त्या स्वच्छपणाचाच आता मला राग येतो. तुझा नाही. ज्यांना त्या धुळीचं ठाऊक होतं त्यांनी नानांना एका शब्दानं सांगितलं नाही, त्यांचा येतो.

नाना आता माझ्याकडेच असतात. ऐकायला कमी येतं, बाकी बठ्ठं शाबूत. दवाखान्यातून आले तर दारातच बसलेले. काय निघालं, म्हणाले. काय सांगू त्यांना? मुकादमाच्या हातापाया पडून ते आपल्यासाठी ती पोती मागून आणायचे. त्यापायी पोरीचा दम गेला हे या वयात कळलं तर त्यांचं जेवण सुटेल. मग तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, काही नाही नाना, लहानपणी मायच्या चुलीपुढे बसायचे ना, तो धूर बाधला.

हो, तुझ्या माथी मारलं. तू काही भांडायला येणार नव्हतीस. वाटलं, आता ते सुटतील.  तर ते म्हणाले, "तिना काय दोष शे? वल्लं सरपन तं मीच आनेल व्हतं."

 त्यांच्यापुढे पाणी ठेवलं आणि आत येऊन हे लिहायला बसले. मला भीती वाटते, माय, पुढे दम आणखी कमी होईल याची, आणि हे मी अजून कुणाला म्हटलेलं नाही. हा कागदही फाडूनच टाकावा लागेल. मोतीबिंदू काढल्यापासून नानांना सगळं वाचता येतं.