शिपिंग वेगळं पडेल

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
ऑनलाइन लिलावात खेळण्यातल्या आगगाडीचं पहिलं इंजिन घेतलं. वाफेचं, हिरवं, तळहातावर मावेल एवढं. समोर बोली लावणाऱ्याचं नाव साइट चांदण्या टाकून लपवते, म्हणून त्याचं नाव चांदण्या ठेवलं. तिसऱ्या बोलीत चांदण्या गारद.
इंजिन स्वस्त. पण विक्रेता परदेशातला, इकडे पाठवायचा खर्च इंजिनाच्या अडीचपट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. मी नाही. लेक लग्न होऊन त्याच देशात राहते. पार्सल तिच्या पत्त्यावर जाईल, देशातल्या देशात पोस्टेज किरकोळ. ती येईल तेव्हा बॅगेत टाकून आणेल. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासतोय, मला वजनात कोण फसवणार?
संकल्प: वर्षाला तीन इंजिनं. चौथं नाही म्हणजे नाही.

९ फेब्रुवारी
चौथं घेतलं. (दुसरं-तिसरं जोडीनं होतं, ते एकच धरायचं.)

१७ फेब्रुवारी, दुपारी
ऑफिसात लेकीचा फोन. या वेळेला कधी करत नाही. म्हणाली, बाबा, जरा बोलायचं होतं, वेळ आहे का? म्हटलं, बोल की. पण मालगाडीच्या सहा डब्यांचा लिलाव संपायला चार मिनिटं होती आणि चांदण्या टपून बसलेला. तिला म्हटलं, पाच मिनिटांत करतो.
डबे मिळाले!! सहाच्या सहा!
त्या आनंदात फोन राहूनच गेला. संध्याकाळी केला तर म्हणाली, काही नाही, सहजच केला होता. बघा, उगाच घाई केली नाही ते बरं. इंजिन पोचलं का विचारलं. पोचलं म्हणाली. खोकं चेपलं नव्हतं ना? नाही म्हणाली. गुणी पोर.

२ मार्च
ही म्हणते, लेकीशी गाड्या सोडून दुसरं काही बोलत चला. हिला काय कळतंय. गेल्या पंधरा दिवसांत लेकीला अकरा फोन झाले माझे. आमच्या हेडक्लार्कचा मुलगा तर दोन गल्ल्या सोडून राहतो, त्याचा फोन सहा महिन्यांतून एकदा. बाप-लेकीचं नातं असावं तर असं.

२० मार्च
रूळ मांडायला जागा हवी होती. लेकीच्या खोलीतल्या पलंगावरच प्लायवूड बसवून घेतलं. उंची अगदी मापात. सुतार म्हणाला, ताई आल्या तर झोपणार कुठे? म्हटलं, तू रंधा मार.

११ एप्रिल
लेकीचा वाढदिवस. तिच्यासाठी खास प्रवासी डबा घेतला. निळा, आत खरे दिवे लागतात. पाठवला तिच्याच पत्त्यावर, म्हणजे भेटही पोचली आणि जादा पोस्टेजही वाचलं. फोनवर म्हटलं, तुझीच भेट आहे, फक्त आणताना जपून आण. ती हसली. बराच वेळ हसत होती. शेवटी नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. तिकडे थंडी फार असते.
जावयांना नमस्कार सांग म्हटलं. सांगते म्हणाली.

२६ एप्रिल
सांधे बदलायच्या रुळांचं पार्सल विक्रेत्याकडे परत! कारण काय, तर पत्त्यावर कोणी राहत नाही. पोस्टाचा गलथानपणा. तीन ईमेल ठोकले. मग लेकीला फोन केला तर म्हणाली, बाबा, घर बदललंय. आधी सांगायला नको? परतीचा भुर्दंड माझ्या बोडक्यावर. तर सॉरी म्हणाली. मग चाचरत म्हणाली, नवी जागा म्हणजे एकच खोली आहे, पार्सलं जरा कमी मागवता का?
दोघं एका खोलीत राहतात म्हणजे पैसे साठवत असणार. जावई हिशेबी निघाला. मला असेच लोक आवडतात.

८ मे
ही अचानक लेकीकडे निघाली. तीन आठवडे. तिकीट काढून मोकळी, मला एका शब्दानं विचारलं नाही. आधी राग आला, मग लक्षात आलं, येताना हिला दोन बॅगांची परवानगी! रात्रीत यादी केली, आधी काय आणायचं, कशात गुंडाळायचं. हिनं यादी वाचलीही नाही. म्हणाली, मी गाड्या आणायला जात नाहीये. मग कशाला जातेस विचारलं. तिनं बॅगेची चेन ओढली. रिक्षा आली म्हणून विषय तिथंच थांबला.

३० मे
ही परत आली. बॅगांत एकही डबा नाही. मी म्हटलं, अगं, निदान निळा तरी?
ही खुर्चीवर बसली. पायातल्या चपला तशाच. म्हणाली, आता ऐका. जावई फेब्रुवारीतच घर सोडून गेले. दुसरी कोणी आहे. वकिलाचे कागद झाले. पोरगी दोन महिने त्या घरात एकटी होती, भाडं झेपेना म्हणून एका खोलीत आली. तिथं पलंगाखाली, कपाटावर, दाराआड तुमची खोकी. पाय ठेवायला जागा नाही. मी जाऊन आधी तिला पोटभर खायला घातलं.
हे मेव्हणीला माहीत. शेजारणीला माहीत. मी म्हटलं, मग मलाच का नाही सांगितलं?
ही म्हणाली, पहिला फोन तिनं तुम्हालाच केला होता. तुम्ही म्हणालात, पाच मिनिटांत करतो.
जेवलो नाही.

३१ मे
संकल्प: गाड्या कायमच्या बंद. आज अकाउंट बंद करणार. (पासवर्ड सापडत नाही. उद्या.) लेकीला फोन करून सगळं मोकळेपणी बोलायचं. शेवटी बाप आहे मी.

१ जून
फोन केला. ‘बाबा,’ म्हणाली आणि थांबली. आईनं मला सगळं सांगितलंय हे तिला ठाऊक होतं. वाट बघत असावी. मी म्हटलं, नव्या पत्त्यावरचा पोस्टमन बरा आहे का? म्हणाली, हो, बरा आहे.
सुरुवात तर झाली.

१९ जून
लेक येतेय, आठ दिवस. या वेळी कच्चं काम नको. मुद्दे लिहून काढले. एक: चूक माझी. दोन: तू परत ये, हे घर तुझंच आहे. तीन: ते गेले त्यात तुझा काही दोष नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्याला आवाज फुटत नाही, सरावानं येईल.
पलंगावरची फळी काढायला सुताराला बोलावलं. आठवड्यानं येतो म्हणाला.

५ जुलै
आली. मनगटं किती बारीक झालीत. दोन बॅगा. छोटी तिची. मोठी बरोबर परवानगीएवढी, तेवीस किलो भरली, त्यात गाड्या. सगळ्या. एकेक इंजिन तिच्या मोज्यात, एकेक डबा तिच्या ओढणीत गुंडाळलेला. एक चाकही वाकलेलं नाही. आणि तिनं स्वतःचे कपडे आणलेत तीन.
सुतार फिरकला नाही. एवढ्या नाजूक जोडण्या मी एकटा कशा काढणार? लेक हॉलमध्ये झोपते. म्हटलं, मी झोपतो हॉलमध्ये. म्हणाली, राहू द्या बाबा, सवय आहे.

९ जुलै
ही दाताच्या डॉक्टरकडे गेलेली. घरात आम्ही दोघंच. मुद्द्यांचा कागद शर्टाच्या खिशात. म्हटलं, हीच वेळ.
तीच खोलीत आली. फळीपाशी स्टूल ओढून बसली. म्हणाली, दाखवा ना, कशी चालते. दाखवली. निळ्या डब्यात दिवे लागले. मग मी बोलत सुटलो. रुळांची रुंदी, सांधे, चांदण्याला कसा दोनदा हुलकावणी दिली, कुठल्या विक्रेत्यानं वजन जास्त लावलं. दीड तास. तिनं सगळं ऐकलं, मध्ये प्रश्नसुद्धा विचारले. एकदा माझ्या बाहीला लागलेली धूळ झटकली.
शेवटी म्हणाली, बाबा, तुम्हाला मला काही विचारायचं नाहीये का?
म्हटलं, विचारायचंय ना. निळ्याचं मूळ खोकं कुठे आहे? खोक्यासकट किंमत जास्त येते.
हे मी म्हटलं. माझ्याच तोंडून गेलं हे. ती म्हणाली, टाकलं बहुतेक, शोधते. आणि चहा टाकायला उठली. कागद खिशातच होता, घामानं भिजला.

१२ जुलै
उद्या विमानतळावर बोलायचं. तिथं गाड्या नसतात, त्यामुळे बोलणं सरळ होईल. तीन मुद्दे जमणार नाहीत, फक्त पहिला. दोन शब्द आहेत. कोणालाही जमतील.

१३ जुलै
मोठी बॅग ती इथंच ठेवून गेली, रिकामी. आम्हाला होईल म्हणाली. सोडायला येणाऱ्यांचा पास काढून आम्हीही आत गेलो. काउंटरवर तिची छोटी बॅग ठेवली. साडेसात किलो. ही रडत होती. लेकीनं हिला जवळ घेतलं, मग माझ्याकडे वळली आणि उभी राहिली. कुठल्याच घाईत नव्हती. मी दोन शब्द तोंडात जुळवले. जीभ उचलली.
म्हटलं, अजून साडेपंधरा किलो नेता आले असते.
ती म्हणाली, काय नेऊ, बाबा?
मी काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मागे रांग होती.