दादाच्या स्वेटरची डावी बाही

दादा,

मी तुला विणून दिलेल्या स्वेटरची डावी बाही उसवून रुंद केली आहे, कारण माझा प्लास्टरमधला हात आत जात नव्हता. म्हणजे स्वेटर आता माझा. आरडाओरडा करायचा असेल तर कपाटापुढे कर, ते ऐकून घेतं.

मान्य, सुरुवात मीच केली. तुला न विचारता पाठीवर वेणीची वीण करून पाहिली आणि ती मेलेल्या पालीसारखी दिसली. तू "मुलगा आहेस की मावशी?" म्हणालास, इथवर ठीक होतं. मग माझा हात चौकटीत धरून दार लावलंस, तेही दोनदा. पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं बहुतेक.

नवी बाही एकाच हाताने विणली, दुसरी सुई काखेत धरून. दोन-चार टाके सुटलेत, पण थंडी काही ते मोजत बसत नाही.

डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. ते म्हणाले, "किती पायऱ्या?" आपल्या घराला जिनाच नाही, तरी मी अकरा सांगितल्या.

आत्याकडे राहायला जातोय. न्यायला येऊ नकोस. जिना मला एकदाच बांधता आला. पुढच्या वेळी डॉक्टरांना तुझंच नाव सांगेन.