फजरची दुसरी रकात

८ नोव्हेंबर, शनि.

काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या मानसीने परत विचारलं, "तुमच्यात हे असंच का करतात गं?" मला परत उत्तर आलं नाही. हसून डबा बंद केला.

कर्वेनगरात राहून दीन, म्हणजे आपला धर्म, शिकायचा तर मोबाईलच उरतो. सोसायटीत आमचं एकच घर, मशीद दोन बस बदलून. लहानपणी अम्मीने शिकवली तेवढी नमाज, बाकी सगळं ॲप, व्हिडिओ आणि आता हा व्हॉट्सॲप ग्रुप. खरं सांगायचं तर मजा येतेय. आपण जे आहोत ते आपल्याला नीट माहीत असावं, एवढंच.

९ नोव्हेंबर, रवि.

ग्रुपवर व्हिडिओ आला, नमाजमध्ये बायका करतात त्या चुका. रुकूत वाकताना आणि उठताना हात खांद्यापर्यंत उचलायचे नाहीत. पहाटेच्या फजरला दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजच्या दुसऱ्या फेरीत, रुकूतून उठून, हात पसरून ती लांब दुआ म्हणतात, तीही नाही. अम्मी दोन्ही करते. म्हणजे मीही. खाली कमेंटमध्ये कुणीतरी ठणकावलंय, अशांची नमाज होतच नाही.

टेस्टिंगमध्ये बग सापडला की वाटतं, अगदी तसं वाटलं. लगेच अम्मीला दाखवला, कमेंटसकट. ती समोरच्या काकूंच्या ब्लाऊजला हुक लावत होती. शेवटपर्यंत पाहिला. "परत लाव," म्हणाली. परत पाहिला. "बरं," म्हणाली आणि उरलेले हुक लावत बसली.

१२ नोव्हेंबर, बुध.

फजरला अम्मीने हात उचलले नाहीत. दुआही नाही. मीही तसंच. दोघी एकदम करेक्ट. ग्रुपवर टाकलं, खाली शाबासकी, माशाअल्लाह, माशाअल्लाह.

अब्बांना पत्ता नाही. ते बाहेरच्या खोलीत पढतात आणि शनिवार पेठेतलं बॅगा दुरुस्तीचं दुकान सोडून कशात लक्ष घालत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रवि.

आज कुर्ल्या नाहीत. अब्बा खेकडा खात नाहीत, त्यांच्या घरात चालत नाही. अम्मी कोकणातली, तिचा जीव कुर्ल्यांवर, म्हणून तिची कढई पहिल्यापासून वेगळी. आज बघते तर कढई माळ्यावर.

"ते पण नको असेल," म्हणाली.
कुणाला नको?
तिने हनुवटीने माझा मोबाईल दाखवला.

अंडाकरी केली होती. चांगली झाली होती, पण रविवार वाटला नाही.

१९ नोव्हेंबर, बुध.

संध्याकाळी लवकर आले. अम्मी खुर्चीवर बसून पढत होती. जमिनीवर बसवत नाही, गुडघा सुजलाय. संपलं वाटलं तर परत नियत बांधून नवी नमाज सुरू. परत. चार दिवस हेच चाललंय म्हणे.

"काय पढतेस एवढं?"
"मागचं फेडतेय."
"कुठलं मागचं?"
"लग्नाच्या आधीपासूनचं सगळं पढलेलं. झालंच नाही ना ते."

अगं, ती कुणाची तरी कमेंट होती, म्हटलं. "तूच दाखवलीस," म्हणाली. रागाने नाही, कणीक मळताना बोलावं तशी. मग थोड्या वेळाने, "माझं जाऊ दे. नानीला सांगू नकोस. या वयात एवढं फेडणं तिला व्हायचं नाही."

मी काय करून ठेवलं हे.

२१ नोव्हेंबर, शुक्र.

ग्रुपवर विचारलं. ॲडमिनभाईंनी तोच व्हिडिओ परत पाठवला. धन्य.

मग एका मुलीचा वेगळा मेसेज. तुझी अम्मी कोकणातली का? हो म्हटलं. तिने लिहिलं, "मग ती शाफई. आम्हीपण. तुझे अब्बा हनफी असतील. नमाज पढायचे दोन्ही रस्ते जुने, दोन्ही बरोबर. आमच्याकडे फजरला अख्खं गाव हात पसरतं." आणि मी न विचारताच, "कुर्ल्यापण चालतात गं."

शाफई, हनफी हे शब्द जन्मापासून कानावर आहेत. मला वाटायचं, लग्न जुळवताना विचारतात त्यातलं काहीतरी असेल.

अब्बांना विचारलं. "मालूम था. निकाह के टाइमच बात हुई थी. उसकी नमाज उसकी, मेरी मेरी." मग मला सांगितलं का नाही? चष्मा पुसत म्हणाले, "मेरेकू पूछी क्या तू?"

नाही विचारलं. जगाला विचारलं, बाहेरच्या खोलीत गेले नाही.

२३ नोव्हेंबर, रवि.

अम्मीला सगळं समजावलं. नवे व्हिडिओ काढून ठेवले होते, तिने बघितले नाहीत. "परवा मोबाईल म्हणाला चूक. आज म्हणतो बरोबर. उद्या काय म्हणतो ते बघायला मी रिचार्ज मारत राहू?"

अब्बा मधे पडले, तुझी नमाज पहिल्यापासून बरोबरच आहे म्हणाले. अम्मी त्यांच्याकडे वळली. "इतकी वर्षं तुम्ही गप्प होतात ते बरोबर वाटत होतं म्हणून, की चूक वाटत होतं म्हणून?"
"बरोबर म्हणून."
"मग एकदा तरी म्हणायचं होतं."

अब्बा दुकानात निघून गेले. रविवारी. दुकान बंद असतं.

ती परत खुर्चीवर जाऊन बसली. मला रडू आलं. तिची नमाज चुकीची नव्हती हे मी दहा पुरावे देऊन दाखवीन. पण मी दाखवून तिला पटणार नाही, कारण चूकही मीच दाखवली होती.

२६ नोव्हेंबर, बुध.

ग्रुप सोडला नाही, म्यूट केलाय. सगळंच वाईट नव्हतं तिथलं. ती कोकणातली मुलगीही तिथलीच.

जेवणाच्या सुट्टीत ऑ.च्या जिन्यात बसून नानीला फोन. बाकी काही बोलले नाही. म्हटलं, फजरची दुआ विसरले, म्हणून दाखव. तिने म्हटली, मागे कोंबड्या ओरडत होत्या. रेकॉर्ड करून घेतली.

"तुझ्या आईला येते की. तिला विचार."
ती शिवणात आहे, म्हटलं.
"लहानपणी मधली ओळ खायची ती. मी परत म्हणायला लावायची. रडायची, पण म्हणायची."

रेकॉर्डिंग परत लावून ऐकत होते, तर मानसी जिन्यातून जाताना म्हणाली, गाणं छान आहे. नानी आहे माझी, म्हटलं. पहिल्यांदा उत्तर आलं.

३० नोव्हेंबर, रवि.

फजरला अम्मीला म्हटलं, नानी पढवायची तशी तू पढव, मी शेजारी उभी राहते.
"मला आता काय येतंय."
बरं, मग मी पढवते, तू शेजारी राहा.

नाही म्हणाली नाही. खुर्ची शेजारी ओढून उभी राहिली. पहिली रकात झाली. दुसऱ्या रकातीत रुकूतून उठल्यावर मी हात पसरले आणि दुआ मोठ्याने म्हणायला लागले, नानीच्या चालीत. अर्ध्यात अडकले. कानात कोंबड्या आठवत होत्या, शब्द आठवेनात. थांबले. अम्मीचे हात खालीच होते. मी पुढची ओळ पकडून कशीबशी संपवली.

सलाम फिरवून नमाज संपली, तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. आज मागचं फेडायला सुरुवात केली नाही. गुडघा दुखत असेल, किंवा चहाची वेळ झाली म्हणून असेल.

चहा ओतताना म्हणाली, "मधली एक ओळ खाल्लीस."
"कुठली?"
"उद्या सांगते."

उद्या म्हणजे नमाजमध्ये की चहाला, ते मी विचारलं नाही.