बत्तीस की चौतीस

बाबा,

तुम्ही मयतीहून परत याल तेव्हा मी घरी नसेन. केंकी आणि तळलेला मासा झाकून ठेवलाय, खाऊन घ्या.

काल ओपोंगकाकांच्या जुन्या पेजो गाडीला आपण बसवलेला कार्बोरेटर चुकीचा होता. त्यांचा काढून ठेवलेला मी संध्याकाळी रॉकेलनं धुतला, तेव्हा त्यावरचा मापाच्या आकड्याचा ठसा स्पष्ट दिसला. बत्तीस. तुम्ही चौतीस म्हणाला होतात. आज ते भरल्या गाडीनं मांपाँगचा घाट चढणार होते, म्हणून आपल्या गॅरेजातल्या फळीवरचा बत्तीसचा घेऊन मी पहाटेच स्टँड गाठला.

माणसं गाडीत बसलेली, काका वैतागले. "तुझ्या बापाला आता आकडे दिसेनासे झाले का गं?"

"आकडा मी वाचला होता, काका. चूक माझीच."

त्यांनी मला चारचौघांत सुनावलं, पण कार्बोरेटर बदलू दिला. तासाभरानं गाडी सुरळीत निघाली.

बाबा, तुम्ही ठशावर अंगठा फिरवून अंदाजानं आकडा सांगता, हे मला ईस्टरपासून माहीत आहे. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही गप्प राहिले. आता मी डोळ्यांच्या दवाखान्यात तुमचा नंबर लावायला गेलेय.

ही अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. तरीही लागली नाहीत, तर शेजारी कुणाकडून वाचून घेऊ नका. मी आल्यावर वाचून दाखवीन.

आब्राफी