इंजिनावरची खोली

४ मार्च

आज पुन्हा विषय काढला. पुन्हा तेच! मी विचारलं, "अहो, बोटीचं काय ठरवलंत?" ह्यांनी कानाला हात लावला, भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे आमचा बर्फाचा कारखाना, त्याचा कॉम्प्रेसर अष्टौप्रहर धडधडतोय. आणि ओरडले, "काय? ऐकू येत नाही!"

जेवायला हाक मारली की बरं ऐकू येतं. मी नुसतं पुटपुटले तरी!

७ मार्च

मुलगा तीन कंपन्यांची पुस्तकं घेऊन आला. तिघींच्या बोटी उत्तरेला, बर्फाच्या कड्यांपर्यंत जातात. पण प्रत्येकीची तऱ्हा निराळी. नातीने लगेच नावं पाडली — घसरगुंडीवाली, कोटवाली आणि पिटुकली.

घसरगुंडीवालीवर अकरा जेवणघरं. मुलगा तिच्यावरच लट्टू! कोटवालीवर संध्याकाळी कोट-टाय चढवून जेवायचं, पण प्रत्येक खोलीला गॅलरी, म्हणून सुनेला ती हवी. पिटुकली लहान, जुनाट, पण कड्याच्या पार जवळ जाते. नातीला ती हवी, कारण पुस्तकावर देवमासा आहे.

ह्यांनी चष्मा लावून तिन्ही पुस्तकं चाळली. मला आशा वाटली! तर म्हणे, "हा पांढरा बर्फ बघ. हवा अडकलीय आत. असा माल मी परत पाठवला असता." पिटुकलीच्या फोटोपाशी मात्र थांबले. निळाशार कडा होता. "हा बरा. ह्यातली हवा गेलीय." मग पुस्तक मिटलं. "जन्म गेला बर्फात, आता पैसे मोजून बर्फच बघू?"

१० मार्च

मनातलं कुणाला सांगू? वहीला सांगते. लग्न झाल्यापासून ह्या माणसाबरोबर मी एक अख्खा दिवस बिनकामाची बसलेली नाही. मशीन बंद ठेवता येत नाही. टाकीतलं पाणी तापलं की पुन्हा गार व्हायला दिवस जातात, गिऱ्हाईक दुसरीकडे पळतं. सगळं खरं. पण मुलाच्या लग्नातून मधेच उठून गेले, व्हॉल्व्ह बघायला! बोलवायला आलेला फोरमन तिथेच अडकला. कुटुंबाच्या फोटोत माझ्या शेजारी तोच उभा आहे. हसतोय पण छान.

मला एकदा ह्यांच्याबरोबर बोटीच्या कठड्याला टेकून नुसतं उभं राहायचंय. ह्यांचे हात रिकामे पाहिजेत, पाना नको, फडकं नको. फार मागतेय का?

१२ मार्च

जाडजूड कोट आणले. आमच्या घरची रीत — पारखल्याशिवाय वस्तू ठेवायची नाही. तेव्हा सगळी वरात कारखान्याच्या कोल्ड रूममध्ये, बर्फाच्या लाद्यांच्या मधे! मुलाचा कोट सगळ्यात महागाचा, त्याचीच चेन अर्ध्यात अडकली. तोच पहिला बाहेर पळाला. सुनेने लिपस्टिक लावून फोटो काढले. नात लादीवर बसली आणि चिकटली!

हे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आत आले, तिला अलगद सोडवलं, आणि आमच्यावर डाफरले. "दार लावा! थंडी घालवताय माझी."

माझी म्हणे!

ह्यांच्या मापाचाही कोट आणला होता. "परत कर." नाही केला. खुंटीला लावून ठेवलाय.

१६ मार्च

ट्रॅव्हलवाल्या बाईंच्या ऑफिसात गेलो. ह्यांनाही नेलं — "तुमची सही लागते" अशी थाप मारून.

तिथे गालिचा, एसी, सगळे कुजबुजतायत. आम्ही आपले घरच्यासारखे बोलत होतो. शेजारच्या टेबलावरचं जोडपं उठून गेलं. बाई धावत पाणी घेऊन आल्या. "प्लीज, भांडू नका. सगळ्यांच्या मनासारखं काढू आपण काहीतरी." अहो, भांडतंय कोण? मुलगा फक्त "पेन द्या" म्हणाला होता!

मग पिटुकलीचं निघालं. बाई म्हणाल्या, "एकच अडचण आहे. खालच्या खोल्या इंजिनाच्या बरोबर वर येतात. सतत घरघर." मुलगा-सुनेने नाकं मुरडली. हे मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"घरघर कशी? सारखी, की अडखळत?"

"मला नाही माहीत, काका."

"विचारा मग."

बिचारीने खरंच कंपनीला फोन लावला! "सारखी आहे म्हणतात."

"हं."

तो "हं" मी ओळखते. आवाजाशिवाय ह्यांना झोप लागत नाही. बहिणीकडे मुक्कामाला गेलो तेव्हा कडाक्याच्या थंडीत तिचा खडखडणारा पंखा लावून झोपले, बहीण गोठली.

माझं तिथल्या तिथे ठरलं. पिटुकलीच!

१९ मार्च

जिंकले! मुलाला विचारलं, "जेवणघरं अकरा, पण पोट एकच ना रे?" सुनेला वरची, मोठ्या खिडकीची खोली कबूल केली. नात आधीपासून माझ्याच पार्टीची.

राहिले हे. फोरमन आपणहून आला. "साहेब, मी सांभाळतो. तुम्ही निर्धास्त जा." ह्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तुला त्याचा खोकला कळतो का?"

खोकला म्हणजे कॉम्प्रेसरचा. मी गेल्या वर्षी महिनाभर खोकत होते, तो नाही कळला!

डोकंच फिरलं. तणतणत बाईंना फोन केला. चार तिकिटं काढा. चारच!

२० मार्च

चार म्हटलं खरं. घास गोड लागला नाही.

२७ मार्च

बाईंचा फोन. "काकू, पाचही जणांचं झालं हं."

"पाच कुठले? चार!"

"काकांचा फोन आला होता की. इंजिनावरची खोली, दोघांसाठी."

"हेच होते कशावरून?"

"मी फोन कानापासून हातभर लांब धरला होता, काकू."

जेवताना विचारलं. कानाला हात! "काय? ऐकू येत नाही!"

मी नाही हुरळून जायची. जो माणूस पोटच्या पोराच्या लग्नातून उठून गेला, तो धक्क्यावरून परत फिरेल. "मशीन खोकलं" म्हणेल, की संपलं. दोघांच्या खोलीत मी एकटी, खाली इंजिन. म्हणजे घरच्यासारखंच!

३ मे

फोरमनला रोज काहीतरी समजावतायत. मी भिंतीला कान लावला. त्या धडधडीत काय कळणार, कपाळ!

१० मे

उद्या निघायचं. ह्यांची बॅग मीच भरली. खुंटीवरचा कोट दिसत नाही. परत केला वाटतं दुकानात. बोलले नाही काही. बोलून काय उपयोग?

११ मे

सकाळी कुलपं शोधत होते आणि एकदम वाटलं, माझे कान गेले. नळ ठिबकताना ऐकू आला. आमचा नळ ठिबकतो? मग घड्याळ. मग कळलं — भिंत गप्प आहे!

तशीच धावत सुटले. हे कारखान्याच्या पायरीवर बसलेले. भर उन्हात तो कोट घालून, घामाघूम. हात मांडीवर, रिकामे.

"बंद पडलं?" मी किंचाळले.

"बंद केलं."

"आणि गिऱ्हाईक? आणि परत आल्यावर—"

"ते तिकडे गेल्यावर बघू. दोघं मिळून."

मला रडू फुटलं. भोकाड पसरलं मी, या वयात! ह्यांनी शेजारी जागा केली, आणि इतक्या हळू बोलले की आधी कळलंच नाही कोण बोलतंय.

"अगं, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला."