कुचेरा सायकलवरून का उतरले

१४ जानेवारी, मंगळवार

आज दोन तास संडासाच्या दारावर! वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी नवा धंदा शिकायला बसलं की हे असं.

ओल्टमान्स बाई आमच्या प्रशिक्षक. त्यांनी वर्गाच्या उंबऱ्यावर पिवळी चिकटपट्टी लावली आणि आम्हा अकरा जणांना हातात कॉफीचा कप देऊन ती ओलांडायला लावली. "समजा हे संडासाचं दार आहे. पट्टीच्या अलीकडे पडलात तर कामावरचा अपघात, भरपाई आपण देणार. पलीकडे पडलात तर तो तुमचा खाजगी पाय."

हेनिंगचा हात लगेच वर. "एक पाय आत आणि एक बाहेर असेल तर?"

बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यावर आणखी पाऊण तास. कामगार अपघात विम्याच्या संस्थेत असली माणसं लागतात. मी मात्र कप सांडला. पट्टीवरच!

आधीची ट्रॅव्हल एजन्सी बुडाली, नंतरचं फर्निचरचं दुकान बुडालं. माझा पायगुण! हे बुडायचं नाही, लोक पडायचे थोडेच थांबणार आहेत. २८ फेब्रुवारीला ठरेल, ठेवतात की घालवतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

कँटीनपर्यंत चालत जाणं – विमा आहे. तिथे बसून जेवणं – नाही. घशात बटाटा अडकला तर तो ज्याचा त्याचा. आज सगळा वर्ग फार सावकाश चावत होता.

१९ जानेवारी, रविवार

आईकडे कॉफी आणि आलुबुखाराचा केक. "आपल्या कासेल शहरात यापेक्षा पक्की नोकरी नाही. या वेळी तरी चिकटून राहा, गेसिने. तोंड आवर." मी म्हटलं, आवरते. केक दुसऱ्यांदा घेतला, म्हणजे तोंड आपोआप आवरलं.

२२ जानेवारी, बुधवार

प्रश्नावली शिकलो. शेवटी एक मोठी मोकळी चौकट असते – "काय घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा." बाई म्हणाल्या, "ही चौकट सर्वांत महत्त्वाची. इथे लोक आपलं अर्धं काम स्वतःच करून देतात."

खरंच देतात! एका बाईने लिहिलं होतं, "मी कामावरून सरळ घरी चालले होते, फक्त वाटेत मैत्रिणीचं नवं मांजर बघायला थांबले." झालं! गेला विमा मांजरापायी. कोणी विचारलं होतं का? पण आपल्या लोकांना फॉर्म दिसला की कबुलीजबाब सुचतो. चर्चमध्ये कोणी जात नाही, त्याची सगळी भरपाई आमच्या चौकटीत.

मग बाईंनी आवाज खाली आणला. "एक लक्षात ठेवा. अर्जदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. चांगल्या मनाने सुद्धा नाही. माझ्याकडच्या दोघांनी घातले होते. दोघंही आता इथे नाहीत."

हेनिंगने ते लिहून घेऊन खाली रेघ मारली. पट्टीने.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिली खरी फाईल! कागद मी जमवायचे, निर्णयाचा मसुदा मी करायचा, सही बाईंची.

आल्फोन्स कुचेरा, वय अठ्ठावन्न, वीटभट्टीत दुरुस्तीचं काम, शिडीवर चढून. ८ जानेवारीला रात्रपाळी संपवून सकाळी सायकलने घरी निघाले. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर सायकलवरून उतरले, बर्फावरून घसरले. घोट्याचा चक्काचूर. डॉक्टर म्हणतात, शिडी आता विसरा.

सगळं एका प्रश्नावर अडलंय. ते उतरले कशासाठी? रस्ता निसरडा म्हणून उतरले असतील तर घरी जाण्याची वाट चालूच होती – उपचार, पुढचं पेन्शन, सगळं आपल्याकडे. पाव घ्यायला उतरले असतील तर काहीही नाही. तोच बर्फ, तोच घोटा!

चौकटीत त्यांनी काय लिहावं? "रोजच्याप्रमाणे खसखशीचे दोन पाव घ्यायला उतरलो." आणि पुरावा म्हणून डिसेंबरच्या बेकरीच्या पावत्या जोडल्यात. एकोणीस! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, तोही तारीखवार लावून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कुचेरांना फोन केला. नियमाप्रमाणे, तपशील विचारायला. आवाज जाडाभरडा, पण माणूस फार अदबीने बोलणारा.

"बाई, तुम्हाला माझ्यामुळे किती काम पडलं."

म्हटलं, आमचं कामच ते. त्या दिवशी बर्फ होता ना?

"होता तर! आरसा नुसता."

"म्हणजे सायकल चालवणं अवघडच होतं."

"अवघड होतं. पण पडलो नाही हो वाटेत. सायकल मला नीट येते."

खोलीत कोणी नव्हतं. हेनिंग जेवायला गेला होता, सावकाश चावायला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक – त्या एकोणीस पावत्या समोर होत्या. मी म्हणाले, "कुचेरा, एक सांगू? तुम्ही बर्फामुळे उतरलात असं लिहा. पावाचं सोडून द्या."

"पण बाई, मी पावासाठी उतरलो होतो."

"बर्फही होताच ना?"

"होता... मी विचार करतो. तुम्ही फार चांगल्या आहात."

फोन ठेवला. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई सहज टेबलाशी थांबल्या तर माझ्या हातून स्टेपलर पडला. या मनाने मी कसली गुन्हेगार होणार!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संपलं. संपलं सगळं!

कुचेरांचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, ओळी सरळ. "आपल्या कार्यालयातील श्रीमती गेसिने टेवेस यांनी मोठ्या आपुलकीने मला सुचवले, की मी बर्फामुळे उतरलो असे लिहावे. असा माणुसकीचा अनुभव मला कोणत्याही कार्यालयात आला नव्हता. त्यांच्या वरिष्ठांनी याची दखल घ्यावी अशी विनंती. मात्र ते पूर्णपणे खरे नसल्यामुळे मला तसे लिहिता येत नाही."

दखल घ्यावी! माझं कौतुक व्हावं म्हणून मला फासावर चढवलं या माणसाने. एवढंच वाचलं आणि पत्र फाईलमध्ये कोंबलं. पुढचं पान उलटलंसुद्धा नाही. आणि पत्र लपवायचं म्हणाल तर आलेला प्रत्येक कागद खाली टपाल विभागातच शिक्का मारून संगणकात चढतो, मग आमच्या टेबलावर येतो. माझ्याआधी अख्ख्या इमारतीला दिसलेला असतो.

राग आला, तोही त्यांच्यावरच! एका माणसाला वाचवायला जावं तर तो उलटून आभारपत्र लिहितो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हेनिंगने वाचलंय. आपली खुर्ची माझ्या टेबलापासून जराशी लांब सरकवली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी दार लावून घेतलं. फाईल त्यांच्यासमोर. मी आईला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होते.

"दुसरं पान वाचलंत?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. कुचेरांनी पुढे लिहिलं होतं – "तरीही एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तीही खरी आहे. त्या कोपऱ्यापासून आमच्या घरापर्यंत बर्फावर कोणी घसरू नये म्हणून टाकतात ती खडी रस्त्यावर टाकलेली नव्हती, म्हणून त्या आठवड्यात मी तिथून सायकल हातात धरून चालतच जात होतो. सोमवारी बेकरी बंद असते. अपघाताच्या दोन दिवस आधी, सोमवारीही मी तिथेच उतरलो होतो."

माझा विश्वासच बसेना. म्हणजे पाव नसते तरी माणूस तिथेच उतरला असता!

"उतरलाच असता," बाई म्हणाल्या. "मग हा अपघात आपला. दावा मान्य करता येईल. साक्षीदार नाही, पण जो माणूस स्वतःच्या विरुद्ध एकोणीस पावत्या जोडतो, त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवते. सगळं त्याच्या शब्दावरच उभं आहे." मग चष्मा काढला. "फक्त हे पहिलं पान. तुम्ही त्याला खरंच असं सुचवलं होतंत? सुचवलं असेल तर मला पुढे कळवावं लागेल, तुम्हाला ठाऊक आहे. नसेल सुचवलं, तर हा माणूस मनाला येईल ते लिहितो असं धरावं लागेल, आणि मग त्याचं दुसरं पानही गेलं. उद्या सकाळी लेखी द्या. होय किंवा नाही."

बाईंचा मला राग येत नव्हता. महिनाभर त्यांची टिंगल केली, आणि आज त्याच सरळ वागत होत्या. घरी येऊन जेवले नाही. एवढंच करायचंय की होय लिहायचं. तीनदा लिहून बघितलं या पानाच्या मागे, हात काही मोडला नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

"नाही" लिहून दिलं. नकाराचा मसुदा मीच केला – अर्जदाराची विधानं विश्वासार्ह नाहीत. बाईंनी एकही शब्द न बदलता सही केली. शुक्रवारपासून मी कायम.

दुपारी कुचेरांचा फोन आला. नकाराचं पत्र अजून त्यांना पोचलेलं नाही. "बाई, शेजारीण म्हणाली, मी तुमचं नाव लिहायला नको होतं. माझ्यामुळे तुम्हाला काही त्रास तर नाही ना झाला?"

म्हटलं, नाही.